ठरवणे आणि सुरू करणे

आरोग्य नीट ठेवायचे तर काय करावे, हे आज बहुतेकांना ठाऊक असते. रोज चालावे, वेळेवर झोपावे, गोड-तेलकट बेताने खावे, तंबाखू सोडावी. यात नवे सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. तरीही ‘सोमवारपासून’, ‘दिवाळी झाली की’, ‘मुलीचं लग्न एकदा पार पडू दे’ असे म्हणत मुहूर्त पुढे सरकत राहतो. कळते पण वळत नाही, या अवस्थेला माणसे आळस म्हणतात आणि स्वतःलाच बोल लावत बसतात. हे निदान बहुधा चुकीचे असते. सुरुवात करायची ओढ कशाने लागते, कशाने वाढते आणि कशाने विझते, याचा मानसशास्त्राने आणि वैद्यकाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत कसून अभ्यास केला आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ साली, लोणावळ्यात स्थापन झालेल्या एका संस्थेने हाच प्रश्न व्यवहारात हाताळायला घेतला होता. मावळ आणि लोणावळा हा त्यामुळे या विषयासाठी फार बोलका मुलूख आहे. मुंबई-पुण्याची माणसे तब्येत सुधारायला इथे येतात आणि कालपर्यंत कष्टाने काटक राहिलेली इथल्याच गावांतली माणसे बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या घेऊ लागली आहेत.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास मांडला. माणूस एका झटक्यात बदलत नाही, तो टप्प्याटप्प्याने सरकतो, असे त्यांचे म्हणणे. आधी बदलाचा विचारच नसतो. मग विचार येतो, पण मन दोन्हीकडे ओढते. त्यानंतर तयारी, मग कृती, आणि शेवटी ती टिकवणे. या मांडणीवर टीकाही झाली. माणसे टप्पे गाळतात, मागे येतात, एकदम उडी मारतात. तरी तिचा एक उपयोग वादातीत आहे. ज्याच्या मनात विचारच आलेला नाही त्याच्या हाती आहाराचा तक्ता देणे फुकट जाते, आणि जो बूट विकत घेऊन बसला आहे त्याला चालण्याचे फायदे ऐकवणेही फुकट जाते. पहिल्याला कारण हवे असते, दुसऱ्याला वेळ, रस्ता आणि सोबती. आपल्याकडे सल्ला देणारे पुष्कळ आहेत, पण समोरचा नेमका कुठे उभा आहे हे विचारणारे थोडे.

भीती किती पुरते

पहिला धक्का बहुतेकांना रिपोर्टमधून बसतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघते, कुणा समवयस्काला हार्ट अटॅक येतो, किंवा एकविरेच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर बसावे लागते आणि बरोबरच्या सासूबाई पुढे निघून जातात. अशा प्रसंगी वाटलेली भीती खरी असते आणि ती टाकाऊ नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला काहीच दुखत नसते. त्याला रिपोर्टचा कागदच जागे करतो.

पण भीतीने जाग आली म्हणजे माणूस उठून चालू लागतोच असे नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा १९६५ सालचा आहे. येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रके वाचायला दिली. काहींच्या पत्रकात अंगावर काटा आणणारे वर्णन आणि छायाचित्रे होती, काहींचे पत्रक सौम्य होते. भेदक पत्रक वाचलेल्यांनी लस घेण्याचा इरादा जास्त जोराने सांगितला. प्रत्यक्षात, फक्त पत्रक वाचलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लस घ्यायला गेले. विद्यार्थ्यांच्या आणखी एका गटाला आरोग्य केंद्राचा नकाशा दिला होता आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात नेमके कधी जायचे ते ठरवायला सांगितले होते. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. ते केंद्र कुठे आहे हे विद्यार्थ्यांना आधीपासून माहीत होते. भीती कमी की जास्त याने फारसे बिघडले नाही, पण ‘कधी आणि कोणत्या वाटेने’ हे ठरल्याने जवळपास नऊपट फरक पडला.

भीतीचा दुसरा दोष असा की ती लवकर ओसरते. औषधाने साखर खाली आली, पुढचा रिपोर्ट बरा आला, की चालणे थांबते. भीती फार वाढली तर माणूस तपासणीच टाळतो. ‘नको बाबा, काही निघालं तर?’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्याबाहेर ऐकू येते. म्हणून भीतीचा उपयोग दार उघडण्यापुरता करावा. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर पुढे नेणारे काही वेगळे लागते.

बारीक अंगाच्या माणसाला तर भीतीही वाटत नाही आणि हा धोका आपल्याकडे विशेष आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, इंग्लंडमधील बाळांपेक्षा खूप कमी. पण ती कमतरता मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची होती, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली होती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच, आतून अगदी निराळे. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे?’ हे आपल्याकडे निर्धास्त राहण्याचे कारण होऊ शकत नाही. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर लक्ष द्यावे, असे भारतीयांसाठी मानतात. शिंप्याची टेप दोन मिनिटांत हे सांगते, आणि जिथे दुखण्याने जाग येत नाही तिथे तेवढे मोजमाप पहिल्या विचाराला पुरते.

लोणावळ्यातला प्रयोग

भीतीऐवजी विश्वासाने सुरुवात कशी होते, याचे उदाहरण लोणावळ्यातच आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. तरुणपणी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. नंतर खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून काम करीत असताना त्यांची नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याशी गाठ पडली आणि ते योगाकडे वळले. या दोन्ही वळणांवर त्यांना खेचले ते कुणाच्या व्याख्यानाने नव्हे. जे अंगात मुरवायचे ते आधीच मुरवलेला एक माणूस दोन्ही वेळा त्यांच्यासमोर उभा होता.

आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहून ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटणे, हा सुरुवातीचा फार मोठा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाची जी मीमांसा केली, तिच्यात स्वतःला आलेल्या यशाच्या अनुभवाखालोखाल याच गोष्टीला स्थान दिले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट अशीच आहे. सँडो या युरोपीय पहिलवानाच्या पद्धतीने त्यांनी कित्येक वर्षे साधने घेऊन व्यायाम केला. मग मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि पुढे त्यांनी औंध संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले.

कुवलयानंदांनी यापुढचे एक पाऊल टाकले. योगाने बरे वाटते हे त्यांना अनुभवाने पटले होते, पण ‘कसे’ हे कळल्याशिवाय शिकलेला माणूस त्याकडे वळणार नाही, हे त्यांनी ओळखले. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी क्ष-किरण छायाचित्रे काढवून घेतली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब कमी होऊन निर्वात स्थिती तयार होते, हे मोजून दाखवले आणि तिला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिकही. त्यात शास्त्रीय विभाग असे आणि सर्वसामान्यांसाठीही एक विभाग असे. शंका घेणाऱ्यालाही आत यायला दार ठेवलेले होते. ही गोष्ट आजही मोलाची आहे. अनेकांच्या मनात पहिली अडचण आळसाची नसतेच, ‘याने खरेच काही होते का?’ ही शंका असते, आणि तिला उत्तर मिळेपर्यंत पाय हलत नाहीत.

आज त्या शंकेचे उत्तर देणारे आकडे उपलब्ध आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सुमारे ७ टक्के घट, एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय चाचणीत राहणीमान बदलाने २८.५ टक्के घट दिसली. आपल्याकडचा लाभ कमी दिसतो, तरी तो औषधाच्या तोडीचा होता.

कुवलयानंदांचे काम आणखी एका बाबतीत पुढे होते. त्यांच्या आसनांवरील पुस्तकात पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर कमी वेळ असणाऱ्यांसाठी छोटा अभ्यासक्रमही दिलेला आहे. योग म्हणजे गुहेत बसून वर्षानुवर्षे करायची गोष्ट, ही समजूत मोडायला एवढे पुरेसे होते. पुढे १९३६ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर उभे राहिले. कचेरीतला माणूस लोणावळ्याला रोज येऊ शकत नाही, म्हणून वर्ग त्याच्या वाटेवर नेला. गांधीजींची प्रकृती १९२७ साली बिघडली तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांचा सल्ला घेतला होता.

अशा निवासी संस्थांत येणाऱ्या नवख्या माणसाचे पहिले दिवस पाहण्यासारखे असतात. पहाटे उठल्यावर जलनेती असते. चोचीच्या भांड्यात कोमट पाणी, त्यात चिमूटभर मीठ. वाकून, मान एका बाजूला कलवून, तोंडाने श्वास घेत भांड्याची चोच वरच्या नाकपुडीला लावायची. पहिल्या प्रयत्नात माणूस घाबरून मान उचलतो, पाणी घशात उतरते, ठसका लागतो. शिकवणारा फक्त मान थोडी खाली दाबतो. दुसऱ्या वेळी पाणी दुसऱ्या नाकपुडीतून धारेने बाहेर पडते. क्रिया अगदी लहान आहे. पण ‘आपल्याला जमणार नाही’ असे पाच मिनिटांपूर्वी वाटत होते ते जमले, हा अनुभव त्या माणसाला आठवड्याचे बळ देतो. बांदुरांच्या मीमांसेत स्वतःच्या यशाला पहिले स्थान का, हे अशा वेळी दिसते. पुढच्या चार दिवसांत झोप लागू लागते, पोट हलके वाटते, जिभेला अळणी जेवणाची सवय होते. प्रेरणा आधी आणि कृती नंतर, हा क्रम आपण गृहीत धरतो. पुष्कळदा घडते ते उलटे. थोडे करून पाहिल्यावर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यातून पुढची इच्छा जन्मते.

घरी परतल्यावर मात्र बहुतेकांचे पुन्हा पहिले पाढे सुरू होतात. पहाटेची घंटा नसते, जेवणाचे ताट दुसऱ्याने मोजून वाढलेले नसते, फोन उशाशी असतो. इच्छाशक्ती आठवड्यात संपलेली नसते, ती ज्या मांडणीवर उभी होती ती मांडणी लोणावळ्यातच राहिलेली असते. अशा मुक्कामाचा खरा उपयोग करायचा तर निघण्यापूर्वीच तिथल्या दिनक्रमातली एकच गोष्ट निवडून ती घरात कुठे आणि कधी बसेल हे ठरवावे. सगळा दिनक्रम घरी न्यायला गेलेला माणूस पंधरवड्यात काहीच करीत नसतो.

कष्ट गेले, भात राहिला

मावळच्या गावांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथल्या जुन्या पिढीला व्यायामाची प्रेरणा शोधावी लागली नाही. राब भाजणे, चिखलणी, आवण उपटणे, दिवसभर पावसात वाकून लावणी, डोंगरातून मोळी, गुरांमागे पठारावर चढ-उतार, यात शरीर आपोआप झिजत आणि घडत होते. त्या अंगमेहनतीला तीन वेळचा भात शोभत होता आणि पचतही होता. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणी तांदळाने तर मावळचे नाव महाराष्ट्रभर नेले. मऊ, चिकट, वासाच्या त्या भातावर इथल्या माणसाचे प्रेम आहे आणि ते असावेच.

पण द्रुतगती मार्ग आला, तळेगाव-चाकणच्या औद्योगिक वसाहती आल्या, जमिनी विकल्या गेल्या, दाराशी मोटारसायकल आली. चिखलणी पॉवर टिलर करतो. मुलगा कंपनीच्या बसने सेकंड शिफ्टला जातो, आठ तास यंत्रापुढे उभा राहतो आणि रात्री साडेबाराला घरी येऊन जेवतो. ताटातला भात तेवढाच आहे. अशा माणसाला ‘पूर्वीसारखे राहा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण पूर्वीचे काम उरलेले नाही. त्याला बदल दिसावा लागतो, आणि दिसला की कारण आपोआप सापडते. आजोबा दिवसभरात किती वेळा चढ चढायचे आणि आपण किती वेळा चढतो, एवढी तुलना पुष्कळांना खडबडून जागे करते. व्यायाम हे शहरी लोकांचे फॅड आहे, ही गावातली समजूत या बाजूने पाहिले की गळून पडते. आपल्याच घरातून गेलेली एक गोष्ट परत आणायची आहे, असे मग त्याला दिसते.

जेवणात सुरुवात भात बंद करण्यापासून करू नये. जी गोष्ट मायेशी आणि ओळखीशी जोडलेली आहे ती पहिल्याच दिवशी हिरावली तर घर विरोधात जाते. ताटात आधी भाजी, वरण किंवा कडधान्याची उसळ वाढावी आणि भात त्यानंतर घ्यावा. मग दुसरी वाढ आपोआप लहान होते. सेकंड शिफ्टवाल्याने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी उरकले आणि रात्री हलके खाल्ले तर झोपही सुधारते. सकाळच्या चहातली साखर आठवड्याला थोडी-थोडी कमी करता येते. याला फार निश्चय लागत नाही आणि पहिल्या पावलाची खूण तीच आहे.

वेळ, जागा आणि सोबत

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ साली मांडलेली कल्पना लेव्हेंथल यांच्या नकाशाशी जुळते. ‘मी व्यायाम करणार’ हा संकल्प कमजोर असतो. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून देवळापर्यंत जाऊन यायचे’ हा संकल्प बळकट, कारण तो आधीच घडणाऱ्या गोष्टीला बांधलेला असतो आणि रोज नव्याने ठरवावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या चातुर्मासाच्या नेमांत हीच युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. आषाढी एकादशीला नेम धरायचा, कार्तिकीला सोडायचा. नेम अगदी लहान असतो: कांदा-वांगे वर्ज्य, एकवेळ जेवण, रोज देवाला प्रदक्षिणा. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, घरातल्या सगळ्यांना माहीत. कायमचे सोडायचे म्हटले की मन घाबरते, चार महिने म्हटले की तयार होते. साखर, तंबाखू, रात्री उशिराचे जेवण यांसाठी हा साचा जसाच्या तसा वापरता येतो, आणि तो वापरावा असे आवर्जून सांगावेसे वाटते.

मुहूर्ताची हौसही अगदीच निरर्थक नाही. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली दाखवले की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या वाढते. नव्या पानावर जुन्या चुका मागे पडल्यासारखे वाटते. अडचण मुहूर्ताची नाही, लांबच्या मुहूर्ताची आहे. पाडवा सहा महिन्यांवर असेल तर येता सोमवार धरावा.

आणि सोबत. इंद्रायणी लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून खाली देहूला जाते. त्या देहूहून ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघते आणि वर्षभर किलोमीटरभरही न चालणारी माणसे पंढरपूरपर्यंत पायी जातात. भक्ती हे त्याचे मूळ आहेच. त्याचबरोबर दिंडीची रचना पाहावी: कधी उठायचे, कुठे विसावा, कुठे जेवण, कुणाच्या मागे चालायचे, सगळे ठरलेले. पाय दुखले तर शेजारचा वारकरी तेल चोळतो. ‘आज जावे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. गावातल्या चार बायकांनी संध्याकाळी एकत्र फिरायला जाणे हे याच रचनेचे लहान रूप आहे. स्त्रियांच्या बाबतीत ते जास्तच लागते. एकटी चालणारी बाई ‘हिला काय काम नाही का’ असे ऐकते, चौघी निघाल्या की तोंडे बंद होतात. घरकामाला दिवसभर जुंपलेल्या बाईला सलग तासभर मिळत नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींतला एक बदल तिच्या उपयोगाचा आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम हवेत, पण ते सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांतच हवेत ही जुनी अट काढून टाकली आहे. पाच मिनिटेही धरली जातात.

घरच्यांनी काय म्हणावे

पहिली प्रेरणा विझवण्यात घरच्या काळजीचा वाटा मोठा असतो, हे सांगताना वाईट वाटते. ‘किती सुटलाय बघ’, ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग का खातोस?’ अशा बोलण्याने माणूस स्वतःची बाजू लढवू लागतो, आणि न बदलण्याची कारणे स्वतःच्याच तोंडून ऐकत ती पक्की करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनींबरोबर काम करताना नेमके हेच टिपले आणि उलट रीत मांडली. सांगणे कमी, विचारणे जास्त. बदलाचे कारण समोरच्याच्या तोंडून यावे.

‘बाबा, तब्येतीचं एक काही सुधारायचं म्हटलं तर तुम्हाला काय आवडेल?’ असे विचारले तर ‘लोहगडावर एकदा जाऊन यायचंय’ असे उत्तर येऊ शकते. मग पुढचा प्रश्न: ‘त्यासाठी काय करता येईल?’ मळवलीपासून भाज्यापर्यंत आधी, मग लोहगडवाडीपर्यंत, मग पायऱ्या आणि गणेश दरवाजा, असा बेत ते स्वतःच आखतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या कामातून हे स्पष्ट झाले आहे की स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या कारणासाठी केलेला बदल, दुसऱ्याच्या दबावाने केलेल्या बदलापेक्षा जास्त टिकतो. नातवाबरोबर गडावर जाणे हे साखरेच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठे कारण आहे.

प्रेरणा नव्हे, उपचार

काही वेळा सुरुवात होत नाही त्यामागे आजारच असतो. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय असेल तर अंगात खरोखरच त्राण नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा माणसाला ‘जरा उत्साहाने कामाला लाग’ म्हणणे क्रूरपणाचे ठरते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. तंबाखू आणि मिश्रीचे व्यसन हे निकोटिनचे अवलंबन आहे, ते सोडायला राष्ट्रीय मदतवाहिनीवर १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. चालताना छातीत दाब येत असेल, वय पन्नाशीपुढे असून वर्षानुवर्षे बैठे काम असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गडचढाई किंवा उपवास सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. बरे वाटू लागले म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

सुरुवातीची ओढ कायम टिकत नाही आणि तिने टिकायची गरजही नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायला घेतली. ती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर काहींच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा भाग. एकदा खंड पडला म्हणून सगळे सोडून देणाऱ्यांना तो आवर्जून सांगायला हवा.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत आठवडेच्या आठवडे बाहेर पडणे कठीण होते. मे महिन्यात चालायला लागलेल्याचा नेम इथेच मोडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच दुसरी सोय ठरवून ठेवावी: पडवीत बारा सूर्यनमस्कार, जिन्यावर दहा फेऱ्या, किंवा एखादा योगवर्ग. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करून घेतली, तर तोवरच्या चालण्याचा आणि जेवणातल्या बदलाचा हिशोब आकड्यात मिळतो आणि पुढे काय वाढवायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.